लेकीच्या पत्रकातली आई

माझी मुलगी इंग्लंडात निवडणुकीला उभी राहिली आणि अभिनंदनाचे फोन गेले जावयाला. इंदूरहून नणंदेनं त्याला फोन केला, मोठ्या दिरांनी केला, धारहून माझ्या सख्ख्या भावानं केला. भाऊ वर मलाच सांगतो, "जावईबापूंनी मोठी हिंमत केली हो, परक्या देशात बायकोला उभं केलं." मी म्हटलं, अरे, ती स्वतःच्या पायांवर धड उभी आहे, तिला कोणी कशाला उभं करायला पाहिजे? तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतेय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण ती काही फोनवर दिसत नाही.

निवडणूक तशी छोटीच. लंडनच्या बाहेरच्या अंगाला तिचा भाग आहे, त्याला तिकडे बरो म्हणतात. आपली नगरपालिकाच समजा. त्यातल्या एका वॉर्डाची जागा. मुद्दे काय, तर कचऱ्याचे डबे पंधरा दिवसांनी उचलतात ते दर आठवड्याला उचलावेत, वाचनालय बंद करू नये, शाळेसमोरून गाड्या जोरात जातात त्यांना आळा घालावा. नोकरीवरून आली की ती दारोदार फिरायची, दाराच्या फटीतून पत्रकं आत सरकवायची. एका घरच्या कुत्र्यानं पलीकडून तिचं बोट धरलं. ती फिरायची तेव्हा जावई घरी मुलाला जेवू घालायचा. हे ऐकून आमच्या यांना फार वाईट वाटलं. जावयाबद्दल.

हे म्हणजे माझे यजमान. त्यांचं म्हणणं असं, "एवढं शिकून तिकडे गेली आणि आता कचऱ्याच्या डब्यांवर बोलून राहिली आहे." मी म्हटलं, वॉर्ड म्हणजे डबेच असतात. त्यांनी पेपर वर धरला. आमच्या घरी पेपर वर गेला की बोलणं संपलं असं समजायचं असतं.

एका रविवारी दुपारी तिनं पत्रकाचा फोटो पाठवला. मी डाळ निवडत होते. तिचा हसरा चेहरा, खाली तिचं नाव, माहेरचंच, कारण लग्नात तिनं ते बदललं नाही. आणि खाली इंग्रजीत दोन ओळी. माझी आई भारतातल्या आमच्या गावात पाच वर्षं पार्षद होती. सभेत उभं राहून लोकांसाठी कसं बोलायचं, हे मी तिच्याकडून ऐकत मोठी झाले.

मी फोन पालथा ठेवला. डाळीत हात फिरवत राहिले, पण खडा दिसेना. मग यांना दाखवलं. चष्मा लावून त्यांनी वाचलं आणि खूश झाले. "छान लिहिलंय. बैठकीतल्या सर्टिफिकेटचा फोटो काढून पाठवून दे तिला, कामात येईल."

"हे खरं आहे का?" मी विचारलं.

"खोटं काय आहे त्यात? होतीस ना पार्षद."

होते. महाराष्ट्रात ज्याला नगरसेवक म्हणतात, त्याला आमच्याकडे पार्षद म्हणतात. बैठकीच्या भिंतीवर निवडून आल्याचं सर्टिफिकेट आजही काचेत आहे आणि त्यावर माझंच नाव आहे. आता ते कसं लागलं ते सांगते.

आमचं गाव देवास जिल्ह्यातलं, भोपाळच्या रस्त्यावर, सोनकच्छच्या आसपासचं. नाव सांगत नाही. सांगितलं तर लोक एकाच गावाला नावं ठेवतील आणि बाकीची सुटतील. मी धारची. तिथल्या कॉलेजात भूगोलात एम.ए. केलं आणि लग्न होऊन इथे आले. यांचे पूर्वज संस्थानच्या नोकरीत इकडे आले आणि इथलेच झाले. मराठी घरं गावात थोडीच, बाकी सगळं मालवी. पण आमच्या घराला मान आहे, आणि त्या मानावर यांनी दहा वर्षं पक्षाचं काम केलं. वॉर्ड आपलाच, असं त्यांनी मनाशी धरलं होतं.

त्या वर्षी चिठ्ठ्या निघाल्या आणि वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला. हे घरी आले, जेवले नाहीत, सुतकात असल्यासारखे बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना त्यांना आठवलं की घरात एक महिला आहे.

मी तेव्हा एका खासगी शाळेत शिकवत होते. "शाळेत सांगून दे, सोमवारपासून जमणार नाही म्हणून," हे म्हणाले. विचारलं नाही, सांगितलं. आणि मी हो म्हटलं. उगाच बिचारी होऊन सांगत नाही, मला हुरूप आला होता. वाटलं, यांना माझं नाव पाहिजे ना, घेऊ द्या. एकदा आत गेले की तोंड तर माझं असेल.

पोस्टरसाठी फोटो काढला. फोटोवाला म्हणाला, "भाभीजी, पल्लू ले लो सिर पर." धारच्या माझ्या घरी देवपूजेखेरीज कोणी डोक्यावर पदर घेत नव्हतं. मी यांच्याकडे पाहिलं, हे म्हणाले, घे ना, मालवी मतं आहेत. घेतला. पोस्टर छापून आलं तेव्हा यांचा फोटो माझ्या दुप्पट होता, हात जोडलेला. मी कोपऱ्यात, पदरात, चेहरा कुणाचाही चालला असता असा.

प्रचाराची सुरुवात मराठी घरांपासून, हळदीकुंकवाचं निमित्त करून. मी मनात सगळं घोकून गेले होते: नळ, गटारी, सरकारी शाळा. पहिल्याच घरी कुंकू लावून झालं आणि घरची बाई म्हणाली, "आधी नाव घ्या. नाव घेतल्याशिवाय मत नाही." सगळ्या हसल्या. मला वाटलं, ठीक आहे, उखाण्यातून का होईना, विषयाला तोंड फुटेल. मी तिथल्या तिथे जुळवलं, "नळाला येतं पाणी एक दिवस सोडून, अमुकरावांचं नाव घेते दोन्ही हात जोडून." अमुकच्या जागी यांचं नाव, हे सांगायला नकोच. बायकांनी टाळ्या पिटल्या. नळाचं कोणी काही विचारलं नाही. वाटीतली हरभऱ्याची उसळ पुढे आली आणि विषय संपला.

हे बाहेरच्या खोलीत बसले होते. त्यांनी ऐकलं, आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. संध्याकाळपर्यंत त्या उखाण्याची हिंदी झाली होती. "नल में पानी आता है एक दिन छोड़के…" मालवी घरांत, किराणा दुकानासमोर, चौकातल्या सभेत माइकवर, सगळीकडे मला तेवढंच बोलायला लावलं. लोकांना भारी मजा वाटली. "भाभीजी, वो वाला सुनाओ." पंधरा दिवसांत मी यांचं नाव इतक्या वेळा घेतलं की लग्न झाल्यापासून तोवर घेतलं नसेल. माझं स्वतःचं नाव उच्चारायची वेळ एकदाही आली नाही. एक म्हातारी तेवढी म्हणाली, "गाना तो अच्छा है बेटा, पर नाली का क्या करोगी?" मी तोंड उघडलं तोच हे उंबऱ्याबाहेरून बोलले, "हो जाएगा माँजी, सब हो जाएगा."

मी निवडून आले. मिरवणुकीत हार यांच्या गळ्यात, मी मागच्या जीपमध्ये. घरी आल्यावर सासूबाईंनी यांना ओवाळलं, मग निरांजनात तेल उरलं होतं म्हणून मलाही ओवाळलं. सासूबाईंना मी दोष देत नाही. त्यांना कोणी सांगितलंच नसेल की निवडून कोण आलं.

नगर परिषदेच्या पहिल्या सभेच्या आधी तीन दिवस मी एक कागद लिहिला, हिंदीत, कारण कामकाज हिंदीत चालतं. वॉर्डातल्या सरकारी शाळेत मुलींसाठी संडास बांधलेला आहे, पण त्याला नळ नाही. नळ नाही म्हणून हेडमास्तरांनी कुलूप लावून ठेवलंय. मोठ्या मुली मधल्या सुट्टीत घरी जातात आणि परत येत नाहीत. नळ कधी बसवणार? एवढंच. शाळेत शिकवलेली बाई होते मी, मला माहीत होतं मुली कुठे गळतात ते. पाचदा लिहून काढलं, पाठ केलं, पर्समध्ये घातलं.

सभागृहात आम्ही बायका पुढे बसलो आणि भिंतीकडेच्या खुर्च्यांवर आमचे नवरे. पार्षद पती हे आमच्याकडे पदच आहे. कुठल्याही कायद्यात नाही, पण दुकानदारापासून तहसीलच्या बाबूपर्यंत सगळे तसंच म्हणतात, आणि म्हणताना कुणाची जीभ अडखळत नाही. माझ्या वॉर्डाची पाळी आली. मी पर्स उघडली. अध्यक्ष म्हणाले, "भाभीजी की तरफ से भिया बोल देंगे." भिया म्हणजे हे. ते उठले आणि बोलले. त्यांनी वॉर्डाच्या तोंडाशी स्वागतद्वार मागितलं. मंजूर झालं. आजही आहे ते, त्यावर माझं नाव वर आहे आणि यांचं मोठं आहे.

मी उठू शकले असते. कोणी माझा हात धरला नव्हता, तोंडावर बोळा कोंबला नव्हता. फार तर हसले असते. मी पर्स बंद केली आणि मूग गिळून बसले. यांच्यावर मी वीस वर्षं चिडतेय, पण त्या पर्सच्या चेनचा आवाज माझ्याच हातचा होता.

आणि मग घरी येऊन मी जे केलं ते जास्त वाईट. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. अभ्यास टाकून धावत आली, "आई, तू काय बोललीस?" मला सांगवेना. मी कागद काढला आणि उभं राहून तिला वाचून दाखवला, हात करून, आवाज चढवून. ती पाटावर बसून ऐकत होती. "मग ते काय म्हणाले?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "बघू म्हणाले."

पाच वर्षं असं चाललं. प्रत्येक सभेआधी मी कागद लिहायचे, तो पर्समध्ये जायचा, पर्समधून परत यायचा, आणि आमच्या स्वयंपाकघरात त्याची सभा भरायची. शिक्का यांच्या खिशात असायचा, लेटरपॅड यांच्या कपाटात. माझी सही यांना माझ्याहून चांगली जमायला लागली होती. आणि पोर शाळेत सांगायची, माझी आई भाषण करते.

तर असं ते वाक्य पत्रकात आलं. तिनं खोटं लिहिलं नव्हतं. तिनं ऐकलं तेच लिहिलं होतं.

तिचा फोन आला तो आपल्याकडच्या दुपारी. गुरुवारी संध्याकाळी तिथल्या वाचनालयाच्या हॉलमध्ये सगळ्या उमेदवारांनी लोकांसमोर बोलायचं होतं. प्रत्येकाला तीन मिनिटं, मग लोक प्रश्न विचारणार. तिचा आवाज बारीक झाला होता. "आई, तुला पहिल्यांदा भीती वाटली होती? तू बोलताना कुठे बघायचीस गं?"

आता याला काय सांगायचं? शेजारी हे पेपर घेऊन बसलेले. मी उठून ओट्यापाशी गेले आणि म्हटलं, "मी बोललेच नाही."

"म्हणजे पहिल्या वेळी?"

"एकदाही नाही. तुझे बाबा बोलायचे. मी नुसती बसायचे."

"मग ते कागद?"

"तुलाच वाचून दाखवले तेवढे."

मग म्हणाली, "पत्रकं घरोघर गेलीत, आई. मी स्वतः टाकलीत. म्हणजे आता मी खोटारडी." आणि फोन ठेवला.

आधी मला तिचाच राग आला. आईच्या पाच वर्षांत तुला स्वतःचं पत्रकच तेवढं दिसलं का, असं वाटलं. मग कळलं की तिचं बरोबर होतं. मी लाज झाकायला जे सांगितलं, ते तिनं आयुष्यभर खरं मानून त्यावर घर बांधलं होतं, आणि मी ऐन निवडणुकीत त्याची वीट काढून घेतली. आधी सांगितलं असतं तर? पण आधी कधी सांगणार होते? कोणी विचारल्याशिवाय बोलायची मला सवयच कुठे होती.

चार दिवस फोन नाही. शुक्रवारी तिचा मेसेज आला, मराठीत, इंग्रजी अक्षरांत. हॉलमध्ये ती उठली आणि सुरुवातीलाच म्हणाली, माझ्या पत्रकातलं एक वाक्य चुकीचं आहे. माझ्या आईला लोकांनी निवडून दिलं होतं. तिला बोलू दिलं नाही, आणि तीही बोलली नाही. मला हे याच आठवड्यात कळलं. आता कचऱ्याच्या डब्यांवर बोलते. मेसेजच्या शेवटी फक्त एक प्रश्न होता. "आई, शाळेच्या त्या नळाचं काय झालं? बसला का?"

मला माहीत नव्हतं. त्याच वॉर्डात, त्या शाळेपासून पाच मिनिटांवर मी एवढी वर्षं राहतेय, भाजी आणायला त्याच रस्त्यानं जाते, आणि मला माहीत नव्हतं. यांच्यावर, अध्यक्षांवर, सगळ्या गावावर रागावून रागावून मी स्वतःला फार शहाणी समजत होते. ते शहाणपण तिथल्या तिथे उतरलं.

मे महिन्यात तिकडे मतदान झालं. थोड्या मतांनी ती पडली. त्या वाक्यामुळे पडली की डब्यांमुळे, कोण सांगणार. हे म्हणाले, "काय गरज होती तुला सांगायची? पाडलंस ना पोरीला." मी म्हटलं, तुम्ही तेव्हा बोलला नसतात तर मला आता बोलावं लागलं नसतं. लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांचा पेपर वर गेला तरी मी थांबले नाही. जे जे पोटात होतं ते सगळं काढलं, उखाण्यापासून स्वागतद्वारापर्यंत. ते पेपराआडून एवढंच म्हणाले, "तेव्हा का नाही सांगितलंस?" त्यानं माझा अजूनच संताप झाला. तेवढ्यात नणंदेचा फोन आला. जावईबापूंचं सांत्वन करायला तिनं फोन केला होता, बिचारे फार धीरानं घेऊन राहिले आहेत, हे मला कळवायला.

जूनमध्ये शाळा उघडली. ट्रंकेतून तो पहिला कागद काढला आणि मधल्या सुट्टीत गेले. संडासापर्यंत पाइप आलेला होता, म्हणजे कोणीतरी मध्ये कधी निम्मं काम केलं होतं. तोटी नव्हती. तोंडात लाकडाची खुंटी ठोकलेली. दाराला कुलूप, गंजून लाल झालेलं. दप्तर पाठीला लावून एक मुलगी फाटकातून निघाली होती, सातवी-आठवीतली. मी विचारलं, "घर जा रही हो?" म्हणाली, हाँ. "वापस आओगी?" ती माझ्याकडे बघून नुसती हसली, मी काहीतरी वेड्यासारखं विचारल्यासारखी.

तिथून मी सरळ पार्षदाच्या घरी गेले. आमच्या वॉर्डात आताही बाईच पार्षद आहे, पस्तिशीची असेल. दारावरच्या पाटीत तिचं नाव, खाली नवऱ्याचं. रस्त्याकडच्या खोलीत टेबल मांडून नवरा बसला होता. मला बघून उठला, चांगल्या घरचा मुलगा आहे तसा. "पधारो आंटीजी, बोलो, क्या सेवा करूँ?"

"पार्षद से मिलना है."

"मेरे को ही समझो."

"समझना नहीं है. उनको बुलाइए."

तो हसला. "आंटीजी, आप तो खुद रह चुकी हो. आपको तो पता है, कैसे चलता है."

"पता है, इसीलिए कह रही हूँ. बुलाइए."

माझा आवाज चढला असणार, कारण रस्त्यावरची दोन माणसं थांबली. ती आतून आली, कणकेचे हात, पदर दातात धरलेला. माझ्या पाया पडायला वाकली, मी खांद्याला धरून उभी केली. तिच्या हातांना कणीक होती म्हणून कागद मीच तिच्या डोळ्यांपुढे धरला. म्हटलं, पढ़ो.

तिनं आधी मनात वाचायला सुरुवात केली. मी म्हटलं, जोर से. तिनं दातातला पदर सोडला आणि मोठ्यानं वाचू लागली. मुलींचा संडास, नळ, कुलूप. नवरा मध्ये म्हणाला, "रख लो, मैं देख लूँगा." ती थांबली नाही, शेवटच्या प्रश्नापर्यंत वाचत गेली. मग तिनं मला विचारलं, "ये आपने वहाँ मीटिंग में बोला था?"

"नहीं."

ती त्या जुन्या, घडीवर विरलेल्या कागदाकडे बघत राहिली. म्हणाली, "सोमवार को मीटिंग है." मग नवऱ्याकडे एकदा बघितलं आणि माझ्याकडे वळली. "आंटीजी, मैं बोल दूँ?"

मी कागद तिच्या कणकेच्या हातात दिला.

"पूछ क्यों रही हो?"